नळाचा नववा दिवस

लेकरू रडायलंय.
दोन रात्री झाल्या, लाळेनं खांदा भिजलाय,
माझं बोट तोंडात घेऊन असं चावायलंय
की त्या बोटाकडं तिचं जुनं येणं असावं.

दात यायलेत, मी फोनवर सांगितलं.
संघमित्रा तिकडं बीडच्या स्टँडवर,
तिकिटाचं मशीन गळ्यात,
मागून कोणीतरी विचारत होतं, मांजरसुंब्याला थांबते का?
थांबते, ती त्याला म्हणाली.
मग मला : दातांचं राहू दे. खाली बघितलंस का?

रोलिंग मिलमध्ये आठ वर्षं काढलीत मी.
लोखंड पिवळं, केशरी, डाळिंबी,
नुसतं बघून सांगतो किती तापलंय.
हा लाल मला ओळखता आला नाही.
मांड्यांच्या घडीत चकाकणारा,
हात लावायला गेलो
आणि माझाच हात मागं आला.

डॉक्टर गोलेच्छांनी चष्मा कपाळावर नेला.
दातांवर खापर फोडू नका, म्हणाल्या.
दात वर आहे, आग खाली.
मधे काय आहे? ओल.
रात्री डायपर कितीदा बदलता?
मी भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडं बघितलं.
एकदा.
पाण्यानं धुता का?
नळ नवव्या दिवशी येतो, मॅडम.
त्यांना माहीत होतं. आमच्या जालन्यात कोणाला सांगावं लागत नाही.
तरी सांगताना तोंडचं पाणी पळालं.

हिशोब पक्का होता माझा.
दोन ड्रम, एक टाकी, तीन हंडे.
फरशीला ओलं फडकं, मोटारसायकलला तेही नाही,
आणि लेकराला वासाचे ओले कागद,
दुकानदार म्हणाला होता, पाणी लागतच नाही.
वाचवलं मी पाणी.
तिच्या कातडीवर साचवलं.

पावडरचा डबा उघडला तर
तसलीमभाभीनं हातातून काढून घेतला.
गवंड्याची बायको ती.
ह्याचा गिलावा होतो भाऊ, घडीत बसतो.
आणि जुन्या ओढणीचे चार तुकडे दिले,
धुऊन धुऊन सायीसारखे झालेले.

पिण्याच्या जारमधलं पाणी कोमट केलं, वीस रुपयांचं.
पुसायचं नाही, टिपायचं.
वहीवर शाई सांडली की टिपकागद ठेवायचो तसं,
दाबायचं, सोडायचं.
मग काहीच करायचं नाही.
हे सगळ्यात अवघड.
पंख्याखाली सतरंजीवर उघडी यशोधरा,
पाय छताकडं, मूठ तोंडात,
आणि मी शेजारी, तिला वारा लागायची वाट बघत.
मग झिंकचं पांढरं मलम,
शिळ्या भाकरीवर लोणी फासावं तसं, हात न आखडता.
दर दोन तासांनी डायपर.
शी झाली तर घड्याळ बघायचं नाही.
हिरड्यांना फ्रिजमधलं गार ओलं फडकं, गाठ मारून.
ते चावत ती माझ्याकडं बघते
मुकादम बघतो तशी.

त्या दुपारी सतरंजी सात वेळा भिजली.
सात वेळा धुतली.
नळाला अजून तीन दिवस होते, ड्रमचा तळ दिसायला लागला,
शेजारून एक हंडा उसना आणला
आणि पहिल्यांदाच कशासाठी ते सांगितलं.

लाल उतरत गेला. डाळिंबी, मग फिका,
मग कडेकडेनं तिचा स्वतःचा रंग.
थंड होणाऱ्या लोखंडाजवळ थांबतात तसा थांबलो मी.

नवव्या दिवशी पहाटे नळ आधी नुसता खोकला.
संघमित्रा रात्रीच आलेली, खाकी अजून अंगावर,
मांडीवर पोरगी, हातात वाटी.
चमचा कशावर तरी टण्णकन वाजला.
आला! ती ओरडली.
मला कळेना, नळ की दात.
दोन्ही, म्हणाली. आधी बादली लाव.